न दुखणारी सूज
जबड्यातील गाठींविषयी रुग्णालयांच्या नोंदी काय शिकवतात

दात ठणकू लागला की माणूस हातातले काम टाकून दवाखाना गाठतो. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो, गालाला हात लावून तो ओसरीवर बसलेला असतो, आणि घरातली मंडळीच म्हणतात, "बाबा, एकदाचा जाऊन दात दाखवून ये." जबड्याच्या हाडात गाठ वाढत असेल तर मात्र असे काही घडत नाही. ती ठणकत नाही, ताप आणत नाही, भाकरी चावताना आड येत नाही. पेरणी होते, सुगी होते, पुन्हा पाऊस येतो. मग एखाद्या लग्नाकार्यात दुरून आलेला पाहुणा म्हणतो, "तुझा एक गाल जाड दिसतो की!" तोवर आतले हाड पोखरून अंड्याच्या कवचाएवढे पातळ झालेले असू शकते.

वाचक बंधुभगिनींनो, या पाठात आम्ही अशाच गाठींचा विचार करणार आहोत. जगभरच्या रुग्णालयांनी आपल्याकडे आलेल्या अशा रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आहेत. कोणत्या वयात, कोणत्या बाजूस, कोणत्या दातापाशी गाठ झाली हे त्यांत लिहिलेले असते. अशा शेकडो नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की काही ठरावीक नमुने दिसू लागतात. ते नमुने ठाऊक असले तर आपल्या घरातल्या माणसाची गाठ सुपारीएवढी असतानाच ओळखता येईल.

१. जबड्यातच एवढ्या गाठी का?

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. तरी आतून अस्तर असलेल्या पाण्याच्या गाठी जबड्याच्या हाडांत जितक्या होतात तितक्या दुसऱ्या कोणत्याही हाडात होत नाहीत. याचे कारण दात. मूल आईच्या पोटात सुमारे सहा आठवड्यांचे असते तेव्हाच त्याच्या तोंडाच्या आतल्या थरातून पेशींची एक पट्टी जबड्यात उतरते. तिला कोंब फुटतात आणि एकेका कोंबापासून एकेक दात घडतो. दात तयार झाला की या पेशींचे काम संपते, पण त्या सगळ्याच नाहीशा होत नाहीत. काही दाताच्या मुळाभोवती, काही हिरडीत, काही हाडात निजून राहतात.

हरळीचे शेत ज्याने साफ केले आहे त्याला हे सांगावे लागणार नाही. नांगरट केली, कुळव फिरवला, बायामाणसांनी वेचून वेचून बांधावर ढीग घातले, तरी मातीत कुठेतरी एखादी कांडी राहतेच. ती दिसत नाही, पण ओल मिळाली की फुटते. जबड्यात राहिलेल्या पेशींना ही ओल बहुधा दाताच्या मुळाशी साठलेल्या जंतुसंसर्गापासून मिळते. काही गाठी मात्र पेशीतच झालेल्या बिघाडामुळे उगवतात. त्यांना बाहेरचे निमित्त लागत नाही.

गाठीचे मुख्य प्रकार दोन. एक पाण्याची गाठ, जिला डॉक्टर सिस्ट म्हणतात. ही पातळ अस्तराची पिशवी असून तिच्यात पाणी किंवा घट्टसर द्रव असतो. दुसरी गाठ पेशींच्या वाढीची, जिला ट्यूमर किंवा अर्बुद म्हणतात. ट्यूमर हा शब्द ऐकताच घरात रडारड सुरू होते. पण दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारे बहुतेक ट्यूमर कर्करोगाचे नसतात. ते शरीरभर पसरत नाहीत. तथापि त्यांतले काही जागच्या जागी हाड खात सुटतात, म्हणून त्यांना साधे समजणेही बरोबर नाही.

२. पहिला नमुना : मेलेला दात

जबड्याच्या सिस्टच्या नोंदी कोणत्याही देशातल्या घ्या, बहुतेक ठिकाणी निम्म्याहून अधिक सिस्ट एकाच प्रकारच्या निघतात. त्या मेलेल्या दाताच्या मुळाशी झालेल्या असतात. रुग्ण बहुधा विशी ते पन्नाशीच्या दरम्यानचा असतो, आणि वरच्या जबड्याचे पुढचे दात ही त्यांची नेहमीची जागा होय.

हे असे का, तेही पाहू. कीड खोल गेली किंवा दातावर जोराचा मार बसला की दाताच्या पोटातली नस मरते. लहानपणी विहिरीच्या काठावर आपटलेले, बैलाचे शिंग लागलेले किंवा सायकलवरून पडताना दुखावलेले दात बहुधा पुढचेच असतात. नस मेली की ठणका थांबतो. माणसाला वाटते, दात बरा झाला. प्रत्यक्षात मेलेल्या नसेतली घाण मुळाच्या टोकातून हाडात झिरपत राहते. तिथे निजलेल्या पेशी जाग्या होतात, त्यांचा गोळा होतो, गोळ्याचा मध्य मरून पोकळी पडते. पोकळीतला द्रव आजूबाजूचे पाणी ओढून घेतो आणि पिशवी हळूहळू फुगते. अशा दाताचा रंग पुष्कळदा करडा किंवा काळपट झालेला असतो. दुखत नाही पण रंग बदलला, असा दात घरात कोणाचा असेल तर त्याची एक्स-रे तपासणी आजच करून घ्यावी.

हा दात वेळेवर दाखवला तर नस साफ करून भरण्याच्या उपचाराने, ज्याला रूट कॅनल म्हणतात, तो वाचू शकतो. मुळाशी झालेली छोटी गाठही त्यानंतर पुष्कळदा आपोआप मिटते. उशीर झाला तर दात जातो आणि गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागते. कधी कधी दात उपटला जातो, पण मुळाशी असलेली पिशवी हाडात तशीच राहते आणि वर्षांनंतर रिकाम्या हिरडीखाली वाढू लागते. म्हणून दात काढून झालेल्या जागी सूज आली तर "आता तिथे दातच नाही" म्हणून सोडून देऊ नये.

३. दुसरा नमुना : पुरलेला दात

सिस्टच्या नोंदींत दुसरा क्रमांक हाडात अडकून राहिलेल्या दाताभोवती होणाऱ्या गाठीचा लागतो. सुमारे पाचवा हिस्सा या प्रकारचा असतो. हे रुग्ण तरुण असतात, बहुतेक दहा ते तीस वर्षांचे, आणि त्यांत पुरुष काहीसे अधिक. जागाही ठरलेल्या आहेत. खालची अक्कलदाढ सर्वांत पुढे, त्यामागून वरचा सुळा. हेच दात उशिरा येतात आणि जागा अपुरी पडली की हाडातच आडवे पडून राहतात. अशा दाताच्या डोक्याभोवती असलेल्या पातळ आवरणात पाणी साठू लागते आणि गाठ तयार होते.

आई-वडिलांना येथे एक सोपी गोष्ट करता येण्यासारखी आहे. मुलांच्या तोंडात डावे आणि उजवे दात जवळजवळ एकाच सुमारास येतात. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा आला नाही, किंवा चौदाव्या वर्षीही दुधाचा सुळा तसाच घट्ट उभा आहे, तर मुलाला दंतवैद्याकडे न्यावे. एका एक्स-रेने उत्तर मिळते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक नमुना लक्षात ठेवण्याजोगा आहे. ॲडेनोमॅटॉइड नावाचा एक निरुपद्रवी ट्यूमर आहे. त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण मुली किंवा तरुण स्त्रिया असतात, दोन-तृतीयांश गाठी वरच्या जबड्यात असतात, आणि दोन-तृतीयांश न उगवलेल्या सुळ्याशी निगडित असतात. वय बहुधा तेरा ते एकोणीस. ही गाठ सुटसुटीत निघते आणि पुन्हा सहसा होत नाही. मुलीच्या नाकाशेजारी फुगवटा दिसला की लग्नाच्या काळजीने घरचे लोक तो लपवू पाहतात. पण लवकर उपचार केल्यास ही गाठ तोंडाच्या आतूनच काढता येते आणि चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

४. तिसरा नमुना : हाडातून लांबत जाणारी गाठ

केराटोसिस्ट नावाची एक गाठ खालच्या जबड्याच्या मागच्या भागात, अक्कलदाढेच्या परिसरात होते. बाकीच्या गाठी हाड बाहेर फुगवतात. ही मात्र हाडाच्या पोकळीतून उंदराच्या बिळासारखी लांब लांब जाते. त्यामुळे गाल फुगलेला दिसेपर्यंत ती फार पसरलेली असते. पुष्कळ वेळा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत ती सापडते. हिचे अस्तर इतके पातळ असते की काढताना फाटते आणि राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा गाठ उगवते. नुसती सोलून काढली तर सुमारे चौघांतल्या एकाला ती पुन्हा होते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर निदान दहा वर्षे ठरावीक अंतराने एक्स-रे काढावे लागतात. एकाच माणसाला अशा अनेक गाठी असतील तर डॉक्टर घरातल्या इतरांनाही तपासतात, कारण तो कुटुंबातून चालत आलेला विकार असू शकतो.

५. चौथा नमुना : हाड खाणारा ट्यूमर

आता सर्वांत महत्त्वाचा प्रकार. त्याचे नाव अमेलोब्लास्टोमा. दातावरचे कठीण चकचकीत आवरण घडवणाऱ्या पेशींशी याचे नाते असते. दर दहांपैकी सुमारे आठ अमेलोब्लास्टोमा खालच्या जबड्यात, बहुतेक मागच्या दाढांच्या बाजूस होतात. रुग्ण बहुधा तिशी-चाळिशीतला, म्हणजे घराचा कर्ता माणूस किंवा लेकुरवाळी बाई. वाढ मंद, वेदना नाही. एक्स-रेत हाडात साबणाच्या फुग्यांसारखी किंवा मधाच्या पोळ्यासारखी घरे दिसतात.

हा कर्करोग नव्हे, पण हरळीचा स्वभाव याच्यात पुरा उतरला आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे त्याच्या बारीक मुळ्या हाडात शिरलेल्या असतात. नुसते खरवडून काढले तर निम्म्याहून अधिक रुग्णांत तो परत येतो, आणि दुसऱ्या वेळी अधिक अवघड होऊन बसतो. म्हणून पुष्कळ रुग्णांत गाठीभोवतीचे एक ते दोन सेंटीमीटर निरोगी दिसणारे हाडही काढावे लागते. गाठ लहान असेल तर जबड्याची खालची कड वाचते. ती मोठी असेल तर जबड्याचा अख्खा भाग जातो. मग नडगीशेजारचे बारीक हाड किंवा कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन जबडा पुन्हा उभा करतात. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ती आज आपल्या देशात यशस्वीपणे होते, पण दोन वर्षे आधी आलेल्या रुग्णाला तीच कदाचित पुष्कळ लहान पुरली असती.

विशीच्या आतबाहेरच्या तरुणांत याचाच एक सौम्य प्रकार आढळतो. तो एका पिशवीसारखा असतो आणि दिसायला हुबेहूब साध्या सिस्टसारखा. दोघांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. म्हणून काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला पाठवलीच पाहिजे. तिचा लेखी अहवाल मागून घ्यावा आणि जमिनीच्या कागदांइतका जपून ठेवावा.

६. आकडे कसे वाचावेत?

येथे थोडे थांबून एक कोडे पाहू. भारत, चीन आणि आफ्रिकेतील बहुतेक रुग्णालयांत दात घडवणाऱ्या पेशींच्या ट्यूमरपैकी अमेलोब्लास्टोमा सर्वांत अधिक आढळतो. उत्तर अमेरिकेतल्या नोंदींत मात्र ओडोंटोमा नावाचा ट्यूमर पुढे असतो. ओडोंटोमा म्हणजे हाडात जमलेला दातांच्याच दाण्यांचा गोळा. तो फारसा वाढत नाही, दुखत नाही आणि कोणाचे हाडही खात नाही.

मग अमेरिकेच्या माणसाचा जबडा वेगळा आहे काय? निरनिराळ्या लोकांत थोडाफार फरक असू शकतो. पण फरकाचा मोठा भाग साध्या गोष्टीत आहे. तिकडे मुलांच्या दातांचे एक्स-रे नेमाने काढले जातात, त्यामुळे न दुखणारा, न वाढणारा ओडोंटोमाही सापडतो आणि नोंदला जातो. आपल्याकडे माणूस गाल फुगल्यावरच येतो. जी गाठ गाल फुगवते तीच आपल्या नोंदवहीत चढते. बाकीच्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

दुसरे उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली केराटोसिस्टला ट्यूमरच्या यादीत टाकले. त्याबरोबर रुग्णालयांच्या नोंदींत ट्यूमर एकदम वाढलेले दिसू लागले. २०१७ साली संघटनेने ती गाठ पुन्हा सिस्टच्या यादीत आणली, आणि आकडे पुन्हा उतरले. लोकांच्या जबड्यांत मात्र दरम्यान काहीच बदललेले नव्हते. बदलली होती ती फक्त नावांची यादी.

बाजार समितीच्या आवारात किती पोती आली यावरून गावात किती पिकले हे पुरते कळत नाही. कोणी घरी ठेवले, कोणी बांधावरच विकले. रुग्णालयाच्या नोंदवहीचेही तसेच आहे. कोण आले आणि केव्हा आले, एवढेच ती खात्रीने सांगते. आणि आपल्या भागातल्या नोंदी आम्हांला सांगतात की आपण उशिरा येतो.

७. युगांडातील एक धडा

नोंदी नीट वाचल्या तर काय साधते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आफ्रिकेतले आहे. १९५७ साली युगांडाची राजधानी कंपाला येथील मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकांनी एक लहान मुलगा पाहिला. त्याच्या वरच्या आणि खालच्या, डाव्या आणि उजव्या अशा चारही बाजूंनी जबडा सुजलेला होता. साधा संसर्ग चारही बाजूंना एकदम होत नाही. थोड्याच दिवसांनी दुसऱ्या गावच्या रुग्णालयात त्यांना असेच दुसरे मूल दिसले. बर्किट यांनी रुग्णालयाच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. तेव्हा वेगवेगळ्या नावांनी लिहिलेले मुलांचे अनेक ट्यूमर हा एकच रोग असावा असे त्यांच्या ध्यानात आले. १९५८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले.

मग त्यांनी आफ्रिकेतील सरकारी आणि मिशन रुग्णालयांना पत्रे पाठवून असे रुग्ण कुठे कुठे आढळतात हे विचारले. १९६१ साली दोन डॉक्टर मित्रांना घेऊन त्यांनी जुन्या मोटारीने सुमारे दहा हजार मैल प्रवास केला आणि पन्नासहून अधिक रुग्णालयांना भेटी दिल्या. नकाशावर खुणा करताना दिसले की उष्ण, पावसाच्या सखल प्रदेशात हा रोग आहे, पण थंड डोंगराळ भागात आणि कोरड्या प्रदेशात नाही. हा तर हिवतापाच्या डासांचाच नकाशा होता. पुढे १९६४ साली लंडनमध्ये एपस्टाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या ट्यूमरच्या पेशींत एक नवा विषाणू सापडला. तो विषाणू आणि वारंवार होणारा हिवताप या दोहोंच्या जोडीतून तिकडच्या मुलांना हा रोग होतो, असे आज मानले जाते. औषधांनी त्यातली पुष्कळ मुले बरी होतात.

भारतात हा रोग विरळ आहे. पण एक गोष्ट येथून घेण्यासारखी आहे. लहान मुलाच्या जबड्याची सूज काही दिवसांत झपाट्याने वाढत असेल, दाढा हलू लागल्या असतील, तर पावसाचा किंवा पैशाचा विचार न करता त्याला मोठ्या रुग्णालयात न्यावे.

८. गोठ्यातला शेजारी

शेतकऱ्यांना जबड्याची सूज नवी नाही. गाईबैलांच्या जबड्याचे हाड कधी कधी दगडासारखे कठीण फुगते. काटेरी, खरखरीत चाऱ्याने तोंडात जखम झाली की ॲक्टिनोमायसिस नावाचे जंतू तिच्यातून हाडात शिरतात. जनावर सुरुवातीला चारा खात असते म्हणून मालक थांबतो. ते वाळू लागले की पशुवैद्य आठवतो. लवकर औषध दिले तर रोग थांबतो, पण फुगलेले हाड पूर्वीसारखे होत नाही. कातडीवर गाठी आणणारा लम्पी रोग वेगळा, त्याच्याशी याचा संबंध नाही.

अशा जनावराचा गोठा साफ करणाऱ्याला जबड्याची गाठ होते, ही समजूत खरी नव्हे. माणसाला होणाऱ्या त्याच जातीच्या संसर्गाचे जंतू माणसाच्या स्वतःच्या तोंडात असतात, आणि किडलेल्या दातातून किंवा जखमेतून आत जातात. सिस्ट आणि अमेलोब्लास्टोमा तर कोणापासून कोणाला लागतच नाहीत. रुग्णाची थाळी-वाटी वेगळी ठेवण्याचे काही कारण नाही.

९. तंबाखूची गोष्ट वेगळी

वर सांगितलेल्या गाठी तंबाखूमुळे होत नाहीत. म्हणून "मी कधी मिश्रीसुद्धा लावली नाही, मला कशी गाठ होईल?" हा युक्तिवाद चालत नाही. उलट तंबाखू, मिश्री, गुटखा आणि सुपारी यांमुळे गाल आणि हिरडी यांच्या खाचेत जो कर्करोग होतो, तोही पुढे जबड्याच्या हाडात शिरतो. त्याची सुरुवात बहुधा तोंडातल्या कातडीवर होते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला कमी पडणे ही त्याची चिन्हे. तेथे एक दिवसाचाही उशीर करू नये.

१०. घरी काय पाहावे?

महिन्यातून एकदा, रविवारी सवडीने, हात धुऊन उजेडात आरशासमोर बसावे. पाच मिनिटे पुरतात.

पहिले, दोन्ही हातांची बोटे कानाखालून हनुवटीपर्यंत जबड्याच्या कडेने फिरवावीत. डावी-उजवी बाजू सारखी लागते का?

दुसरे, बोट गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत फिरवावे. कुठे फुगवटा आहे का? दाबल्यावर अंड्याचे कवच तडकल्यासारखे लागते का?

तिसरे, कोणता दात विनाकारण हलू लागला, सरकला किंवा काळवंडला आहे का? कवळी असेल तर ती अलीकडे बसेनाशी झाली आहे का?

चौथे, खालच्या ओठाच्या एका बाजूस बधिरपणा आहे का? हे चिन्ह गंभीर समजावे.

टाळूच्या मधोमध किंवा खालच्या दातांच्या आतल्या बाजूस कठीण हाडाचा उंचवटा पुष्कळांना जन्मभर असतो. तो वाढत नसेल तर घाबरू नये, पण एकदा दाखवून खात्री करून घ्यावी.

जबड्याखाली दोन्ही बाजूंना सूज, ताप, जीभ वर उचललेली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, असे झाले तर सकाळची वाट पाहू नये. दातातला पू गळ्याकडे उतरल्याची ती खूण आहे. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

११. रुग्णालयात काय होते?

सिस्टरांच्या दवाखान्यात किंवा तालुक्याच्या दंतवैद्याकडे आधी दाखवावे. तेथून पुढे पाठवले तर जाण्याचे टाळू नये. गोव्यात बांबोळीला, तसेच इंदूर आणि हैदराबाद येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. बेळगाव, ग्वाल्हेर, वडोदरा येथेही दंत महाविद्यालये आहेत. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात सरकारी योजनांची चौकशी करावी. शिधापत्रिका आणि आधारकार्ड सोबत न्यावे.

तेथे दोन्ही जबडे एकाच चित्रात दिसतील असा मोठा एक्स-रे काढतात. गरज पडली तर सुईने आतले पाणी ओढून पाहतात आणि गाठीचा छोटा तुकडा तपासणीस घेतात. "सुई लागली की गाठ पसरते" ही समजूत कित्येकांना वर्षानुवर्षे घरी बसवते. या तपासणीने साधी गाठ कर्करोगाची होत नाही. तुकडा तपासल्याशिवाय किती हाड काढायचे आणि किती वाचवायचे हे डॉक्टरांना ठरवता येत नाही.

लहान सिस्ट सोलून काढतात आणि पोकळीत काही महिन्यांत नवे हाड भरत जाते. फार मोठ्या सिस्टला काही वेळा आधी एक खिडकी ठेवतात. दाब कमी झाला की ती कित्येक महिन्यांत आकसते, मग उरलेली लहान गाठ काढतात. या काळात पोकळी रोज धुणे हे रुग्णाचे काम असते आणि ते त्याने चुकवू नये.

एक फसवणूक मात्र ओळखून असावी. सिस्टमध्ये पू झाला की ती दुखते. गोळ्या घेतल्या की पू आणि सूज उतरते आणि माणूस म्हणतो, बरे झाले. पिशवी मात्र आत तशीच असते. त्याच जागी दोनदा सूज आली तर तिसऱ्या वेळी गोळ्यांवर भागवू नये. सुजलेल्या गालावर गरम विटेचा शेक, बिब्बा किंवा डाग देणे यांनी हाडातली गाठ जात नाही. कातडी भाजते आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

ज्याची गाठ निघाली त्याने वर्षाची तपासणी चुकवू नये. बैलाला लस टोचण्याची तारीख आपण ज्या वहीत लिहून ठेवतो, त्याच वहीत ही तारीखही लिहावी.

विचारासाठी प्रश्न

१. ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला, असे का म्हणता येत नाही?
२. तुमच्या घरात काळवंडलेला, किंवा वय होऊनही न आलेला दात कोणाचा आहे? त्याचा एक्स-रे झाला आहे का?
३. आपल्याकडच्या नोंदींत अमेलोब्लास्टोमा आणि अमेरिकेत ओडोंटोमा अधिक का दिसतो, हे शेजाऱ्याला आपल्या शब्दांत समजावून सांगा.
४. तुमच्या वाड्यावर सुजलेला गाल घेऊन दवाखाना टाळणारे कोणी आहे का? भीती कशाची आहे? सुईची, खर्चाची, की सोबत यायला कोणी नाही याची? त्यातली कोणती भीती तुम्ही दूर करू शकता?